‘बघणावळ’ द्यायला शिकू या!

कुकरची शिट्टी होईनाशी झाली, की आपण काय करतो? आधी झाकणाची रिंग काढून बघतो. ती सैल पडली असेल तर थंड पाण्यात टाकतो. शिट्टीच्या नळीत भाताचं शीत अडकलंय का, ते उजेडाकडे धरून बघतो. मग व्हॉल्व्ह. एवढं करूनही जमलं नाही, तर बाजारातून नवी रिंग आणतो. नवा कुकर घ्यायचा विचार सगळ्यात शेवटी. मिक्सर अचानक थांबला तरी तेच. तळाचं लाल बटण दाबून बघितल्याशिवाय कुणी दुकानाची पायरी चढत नाही. हे काही आपल्याला कॉलेजात शिकवलेलं नसतं. आईला, सासूबाईंना बघत बघत हाताला लागलेलं असतं.

मग मैत्रिणींनो, घरातला कॉम्प्युटर बंद पडला, की आपलं हे सगळं शहाणपण जातं कुठे? तिथे आपण एकदम हात वर करतो. ‘त्यातलं आपल्याला काही कळत नाही बाई!’ असं म्हणून मोकळ्या होतो. मग मुलगा नाहीतर नवरा तो डबा उचलून दुकानात नेतो, दुकानदार म्हणेल ते खरं मानतो आणि सांगेल तेवढे पैसे मोजतो. या ‘कळत नाही’ची किंमत किती असते, ते मला २०२५च्या उन्हाळ्यात कळलं. तेच आज सांगायचंय.

आमच्याकडे २०१७ साली घेतलेला कॉम्प्युटर आहे. मुलीच्या कॉलेजसाठी सुटे भाग जुळवून करून घेतलेला, ज्याला ‘असेंबल्ड’ म्हणतात तो. मुलगी शिकून नोकरीला लागली आणि कॉम्प्युटर माझ्याकडे आला. आमच्या बचत गटाचे हिशेब, बायकांचे निरनिराळ्या योजनांचे अर्ज, बँकेची कागदपत्रं, सगळं त्याच्यावर. एप्रिलपासून तो त्रास द्यायला लागला. काम करता करता पटकन बंदच! कधी निळा पडदा, कधी नुसता काळा. त्यात गटाला पापडाचं मशीन घ्यायचं होतं आणि कर्जाचं प्रकरण बँकेत द्यायची तारीख जवळ आलेली. बारा बायकांचे तीन वर्षांचे हिशेब त्या डब्यात, आणि डबा सुरू होऊन वीस मिनिटंही टिकेना.

आम्ही दोघं तो घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने वायर जोडली, बटण दाबलं, दहा मिनिटांनी पडदा काळा झालेला बघितला आणि निकाल दिला, ‘मदरबोर्ड गेलाय. हा आता नवा मिळत नाही. पूर्ण सेटच नवीन घ्या, बावीस हजारांत बसवून देतो.’

मी विचारलं, ‘मदरबोर्डच गेलाय, हे कशावरून?’

त्याने माझ्याकडे न बघता ह्यांच्याकडे बघून उत्तर दिलं, ‘साहेब, वहिनींना नाही कळणार ते. टेक्निकल असतं.’

त्याने डबा उघडलासुद्धा नव्हता! कुकरची शिट्टी झाली नाही म्हणून झाकण न उघडताच कुणी ‘नवा कुकर घ्या’ म्हणालं, तर आपण ऐकून घेऊ का? मी डबा रिक्षात घातला आणि घरी घेऊन आले. राग आला होता, पण रागाने काही कॉम्प्युटर सुरू होत नाही.

दुखणं आधी लिहून काढा

माझा भाचा पुण्याला इंजिनीअरिंग शिकतो. त्याला फोन केला. वाटलं, तो काहीतरी मोठं अवघड सांगेल. पण तो म्हणाला, ‘मावशी, आधी तुझे हिशेब पेन ड्राइव्हवर काढून घे. चालू असतो त्या पंधरा-वीस मिनिटांत तेवढंच काम कर. आणि आठ दिवस फक्त लिहून ठेव. किती वाजता बंद पडला, त्या वेळी काय चाललं होतं, पडदा निळा झाला की काळा.’

आमच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरवर दुधाचा हिशेब असतो. त्याच चौकोनांत मी दुधाखाली कॉम्प्युटरचं दुखणं लिहायला लागले. आठ दिवसांनी बघितलं, तर चित्र अगदी स्पष्ट होतं. सकाळी साडेसहाला तासभर बिनबोभाट चालतो. दुपारी दोनला पंधरा मिनिटांत आडवा. निळा पडदा आठ दिवसांत एकदाच. बाकी सगळ्या वेळा कुणीतरी प्लग उपटल्यासारखा एकदम काळा.

भाच्याने समजावून सांगितलं ते असं. निळा पडदा येतो तेव्हा कॉम्प्युटरला स्वतःला काहीतरी चुकल्याचं कळलेलं असतं, म्हणून तो थांबतो आणि खाली कारणाची एखादी ओळ लिहितो. ती ओळ उतरवून घ्यायची, नाहीतर मोबाइलवर फोटो काढायचा. अशा वेळी रॅम, हार्ड डिस्क, नाहीतर एखादं बिघडलेलं सॉफ्टवेअर यांच्यावर संशय घ्यायचा. पण काहीही न सांगता एकदम काळोख झाला, तर बहुतेक वेळा एक तर वीज नीट पोहोचत नाही, नाहीतर आतलं काहीतरी फार तापतंय. प्रोसेसरचा ताप शंभर अंशांच्या आसपास गेला, की जळू नये म्हणून तो आपणहून बंद होतो. सकाळी बरा आणि दुपारी वाईट, म्हणजे तापाची शंका आधी.

बघा, इतकं साधं होतं. डॉक्टरांकडे गेल्यावर आपण ‘बरं नाही’ एवढंच सांगत नाही. ताप कधी येतो, थंडी वाजते का, जेवणाआधी की नंतर, सगळं सांगतो. मग यंत्राच्या बाबतीतच ‘बिघडलाय’ या एका शब्दावर का थांबायचं?

झाकण उघडण्याची भीती

एका रविवारी मी तो डबा उघडला. आधी मुख्य बटण बंद केलं, प्लग काढला, कॉम्प्युटरचं बटण दहा सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत राहिलेली थोडीफार वीज निघून जाते. मग डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावला, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. मागचे दोन स्क्रू काढले आणि झाकण सरकवलं.

आत जे दिसलं ते सांगायची लाज वाटते. आठ वर्षांची धूळ! घरात दर शुक्रवारी जाळी-जळमटं काढणारी मी, पण या डब्याच्या आत कधी डोकावलेच नव्हते. प्रोसेसरवरचा पंखा आणि त्याखालची ॲल्युमिनियमची जाळी यांच्यामध्ये नमद्यासारखा थर बसला होता. वारा जाणार कुठून? मऊ कोरड्या ब्रशने, पंख्याचं पातं बोटाने धरून, मी सगळं साफ केलं. ओलं फडकं मात्र अजिबात लावायचं नाही. प्रोसेसर आणि ती जाळी यांच्यामध्ये एक पेस्ट असते, ती उष्णता वर पोहोचवते. ती वाळून खडूसारखी झाली होती. भाच्याने व्हिडिओ कॉलवर बघत बघत नवी लावायला शिकवली. दीडशे रुपयांची ट्यूब. तुरीच्या दाण्याएवढीच लावायची, साईच्या थरासारखी थापायची नाही.

त्याच बैठकीत रॅमची पट्टीही काढली. रॅम म्हणजे आपला ओटा, हार्ड डिस्क म्हणजे फडताळ. फडताळात कितीही सामान असलं, तरी एका वेळी ओट्यावर मावेल तेवढंच काम चालतं. या पट्टीचे सोनेरी दात आपल्या दमट हवेत काळवंडतात. पांढऱ्या खोडरबराने ते हलकेच पुसले, कचरा झटकला आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या कट् वाजेपर्यंत पट्टी परत बसवली. तो अधूनमधून येणारा निळा पडदा त्यानंतर दिसला नाही. यासाठी खर्च शून्य.

एका डब्याला मात्र हात लावायचा नाही. मागच्या बाजूला जिथे भिंतीतली वायर जोडतो, तो पत्र्याचा बंद डबा म्हणजे एसएमपीएस. प्लग काढल्यानंतरही त्याच्या पोटात काही वेळ धोकादायक वीज साठून राहते. तो आपण उघडायचा नाही म्हणजे नाही.

आणि नेमका तोच बिघडला होता.

‘नुसतं तर बघितलं, ताई!’

साफसफाईने वीस मिनिटांचे दीड तास झाले, पण दुखणं गेलं नाही. आमच्या एसटी स्टँडच्या मागे एक काका आहेत, टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारे. हल्ली कॉम्प्युटरही बघतात. त्यांच्याकडे डबा नेला आणि सोबत कॅलेंडरचं पानही नेलं. त्यांनी ते पान चष्मा लावून शांतपणे वाचलं आणि म्हणाले, ‘ताई, निम्मं काम तुम्हीच केलंत की.’

त्यांनी माझा एसएमपीएस काढून बाजूला ठेवला आणि स्वतःच्या फळीवरचा, चांगला चालणारा एक जोडला. बाकी काही बदललं नाही. डबा दोन तास माझ्यासमोर चालवला. मध्ये मी भाजी घेऊन आले. एकदाही बंद पडला नाही. मग पुन्हा माझा जुना जोडला, तर चाळीस मिनिटांत काळोख. ‘झालं निदान,’ ते म्हणाले. भिंतीतली २३० व्होल्टची वीज कॉम्प्युटरला तशी चालत नाही. तिची १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून द्यायचं काम एसएमपीएसचं. आतले कपॅसिटर उष्णतेने वर्षानुवर्षं वाळत जातात, मग भार आला की व्होल्टेज घसरतं आणि कॉम्प्युटर बंद. मदरबोर्ड ठणठणीत होता! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तशी गत व्हायची होती आमची.

काकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. कॉम्प्युटरची तारीख सारखी मागे जात होती आणि त्यामुळे बँकेची साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नव्हती. मी ते इंटरनेटवर ढकललं होतं. त्यांनी मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल बदलला. सीआर-२०३२ नावाचा, चाळीस रुपयांचा.

मी विचारलं, ‘तुमचे किती झाले, काका?’

ते म्हणाले, ‘सेलचे चाळीस द्या. बाकीचं कसलं? नुसतं तर बघितलं, ताई! पार्ट बसवला असता तर घेतले असते.’

मी घरी आले, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. तीन तास घालवून, अचूक निदान करून, मला बावीस हजारांच्या खड्ड्यातून वाचवणाऱ्या माणसाला स्वतःच्या कामाचे पैसे मागायची चोरी वाटत होती. आणि न बघताच ‘नवीन घ्या’ म्हणणाऱ्याला मात्र नव्या सेटवर नफा मिळणार होता. असं का? कारण आपण गिऱ्हाइकंच तशी आहोत. वस्तू हातात आली तर पैसे देतो. ‘नुसतं बघायचे’ म्हटलं, की कपाळाला आठ्या घालतो. ‘काही केलं तर नाही, मग पैसे कसले?’ मीसुद्धा इस्त्रीवाल्याला, मिक्सरवाल्याला असं म्हटलेलं आहे. मग दुरुस्ती करणाऱ्याने पोट भरायचं कशावर? तो सुटा भाग विकण्यावरच भरणार. म्हणजे भाग विकला जावा, अशीच त्याची सोय आपण करून ठेवलेली आहे.

सोनाराकडे आपण घडणावळ देतो. टेलरला शिवणावळ देतो, गिरणीत दळणावळ. मग यंत्र बघणाऱ्याला ‘बघणावळ’ का देऊ नये? दुसऱ्या दिवशी मी काकांकडे जाऊन दोनशे रुपये हातात ठेवले आणि म्हटलं, ‘ही बघणावळ.’ ते आधी हसले, पण घेतले.

कंजूषपणा कुठे करायचा नाही

माझी सगळीच पावलं शहाणपणाची पडली असं नाही. नवा एसएमपीएस घ्यायचा तर काकांनी कंपनीचा, तीन वर्षांच्या वॉरंटीचा घ्या असं बजावलं होतं. पण बाजारात मला साडेसहाशे रुपयांचा एक मिळाला. वर ‘४५० वॅट’ असं ठळक छापलेलं. मी खूश! पाच आठवड्यांनी जळका वास आला आणि तो मेला. नशीब, बाकी काही घेऊन गेला नाही. काकांनी तो माझ्या एका हातात आणि चांगला दुसऱ्या हातात दिला. ‘वजन बघा, ताई.’ स्वस्तातला पत्रावळीसारखा हलका होता. आत तांबं कमी, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या पातळ, मग वजन येणार कुठून? शेवटी दोन हजार तीनशेचा घेतला. साडेसहाशे माझ्या हावेचे गेले.

त्यानंतर हार्ड डिस्क बदलली. जुनी डिस्क म्हणजे आत मिनिटाला हजारो फेरे घेणारी तबकडी. आठ वर्षांत ती थकली होती, कॉम्प्युटर सुरू व्हायलाच चार-पाच मिनिटं घ्यायचा. तिच्या जागी २५६ जीबीची एसएसडी बसवली, तिच्यात फिरणारं काहीच नसतं. सतराशे रुपये लागले. आता चहाला आधण येईपर्यंत कॉम्प्युटर तयार असतो. जुन्या कॉम्प्युटरवर एकच खर्च करायचा असेल, तर हा करा असं मी सांगेन.

हिशेब मांडते. पेस्ट १५०, सेल ४०, बघणावळ २००, फसलेला एसएमपीएस ६५०, चांगला एसएमपीएस २३००, एसएसडी १७००. एकूण ५०४० रुपये. बावीस हजारांच्या जागी. कर्जाचं प्रकरणही वेळेत दिलं गेलं, कारण हिशेब आधीच पेन ड्राइव्हवर होते.

काकांकडून शिकलेले चार नियम इथे देते, कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही. विकत घेण्याआधी कुणाचा तरी चांगला भाग लावून बघायचा. एसएमपीएस आणि हार्ड डिस्क जुनी घ्यायची नाही, रॅम आणि प्रोसेसर मात्र जुने घेतले तरी सहसा चालतात, महिन्याभराची तरी हमी बिलावर लिहून घ्यायची. आणि बदललेला जुना भाग परत मागून घ्यायचा, म्हणजे खरंच बदलला का ते कळतं. रॅमचं तर विशेष सांगते. २०२५च्या उत्तरार्धात एआयच्या मोठमोठ्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे जगभर रॅमचे भाव कडाडले. तेव्हा जुन्या डब्यातली चालू पट्टी भंगारात देऊ नका.

थांबायचं कुठे?

दुरुस्तीचाही हट्ट नको. मदरबोर्ड कधी कधी खरंच जातो. त्यावरच्या छोट्या पिंपांसारख्या कपॅसिटरची डोकी फुगलेली दिसतात, चट्टा किंवा जळका वास असतो, आणि सगळे भाग बदलून बघितले तरी डबा जागा होत नाही. दुरुस्तीचा खर्च चांगल्या जुन्या कॉम्प्युटरच्या निम्म्यावर जायला लागला, की मी थांबेन. पण तो निर्णय शेवटचा असावा, पहिला नव्हे.

दुकानदार आणखी एक कारण सांगतात, ‘विंडोज टेन बंद झालं, आता हा कॉम्प्युटर टाकाऊ.’ त्यात थोडं खरं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला, आणि माझ्या २०१७च्या प्रोसेसरवर विंडोज ११ कंपनीच्या नियमात बसत नाही. पण याचा अर्थ कॉम्प्युटर त्या दिवशी बंद पडला असा नाही. सुरक्षेची नवी अपडेट मिळत नाहीत, एवढाच धोका. कंपनीने घरगुती वापरणाऱ्यांना नावनोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेटची सोय दिली. आणि लिनक्स मिंटसारखी फुकट मिळणारी प्रणाली जुन्या कॉम्प्युटरवर छान चालते. तिच्यात लिब्रे ऑफिस असतं, त्यात मी गटाचे हिशेब उघडून बघितले, उघडले. मराठीही नीट टाइप होतं. मात्र सरकारी कामाचं एखादं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरच चालतं, ते आधी तपासा.

आणि आपली झाकली मूठ?

बायकांसाठी याहूनही महत्त्वाची एक गोष्ट. आपण डबा दुकानात चार दिवस ठेवून येतो, तेव्हा नुसतं यंत्र ठेवून येत नाही. घरचे फोटो, मुलींचे फोटो, बँकेचे पासवर्ड, आधारच्या प्रती, सगळं ठेवून येतो. ओळखीच्या एका ताईंचा कॉम्प्युटर दुरुस्तीला गेला आणि न विचारताच ‘फॉरमॅट’ होऊन आला. लेकीच्या बारशापासूनचे फोटो गेले. त्या मुलाने विचारलं नाही आणि आपण सांगितलं नाही. म्हणून द्यायच्या आधी माहिती पेन ड्राइव्हवर काढून घ्या. ‘मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही’ हे पावतीवर लिहून घ्या. डबा सुरूच होत नसेल तर डिस्क काढून घरी ठेवा. तिला दोन वायरी आणि चार स्क्रू असतात, बास. एसएमपीएस तपासायला तुमचे फोटो लागत नाहीत.

बिल मात्र नेहमी घ्यायचं. फसवणूक झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते, पण बिल नसेल तर आपली बाजू लंगडी पडते. आणि मेलेले भाग घंटागाडीत टाकू नका. त्यात शिसं आणि असले विषारी पदार्थ असतात. १ एप्रिल २०२३पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. नोंदणी असलेल्या संकलन केंद्राकडेच ते द्यायचे.

‘आता हेही आम्हीच करायचं का?’ असं तुमच्यापैकी कुणी म्हणेल. बरोबर आहे. घरातली न संपणारी कामं आधीच आपल्या पदरात आहेत, त्यात ही एक भर कशाला? पण मी तुम्हाला मेकॅनिक व्हा म्हणत नाही. मी स्वतः मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई आहे. एसएमपीएसचा फुलफॉर्म विचारलात तर अजूनही अडखळेन. मला एवढंच म्हणायचंय, की आपण बघायला शिकू या आणि बघणाऱ्याला मान द्यायला शिकू या. वर्षानुवर्षं गावोगावी बायकांनी एमएस-सीआयटीचे क्लास केले, प्रमाणपत्रं फ्रेम करून लावली. कॉम्प्युटर वापरायला त्यांनी शिकवलं. पण तो बिघडल्यावर दुकानदाराशी काय बोलायचं, ते आपलं आपल्यालाच शिकावं लागणार. ‘कशावरून?’ हा एक शब्द त्यासाठी पुरतो. तो विचारायला इंजिनीअर असावं लागत नाही.

गटाच्या मागच्या बैठकीत मी ही सगळी हकिकत सांगितली. शिवणकाम करणाऱ्या एकीचं मशीन बंद पडलेलं होतं, दुसरीचा मिक्सर. बरीच चर्चा झाली आणि शेवटी ठरलं, की गटाच्या खर्चातून प्रत्येकीला वर्षात एकदा दोनशे रुपये मिळतील, कुठलंही यंत्र नीट तपासून घेण्यासाठी. भाग विकत घ्यायला नाही, फक्त तपासायला. हिशेबाच्या वहीत त्यासाठी मी एक नवा रकाना आखलाय. वर काय लिहायचं, असं सगळ्यांनी विचारलं.

मी लिहिलं, ‘बघणावळ’.